प्लांटेशनवरची सहल नको, रांजण वाचायला चला

प्रति,
साउथ कॅरोलिना, नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, लुइझियाना आणि टेक्सास या राज्यांतील सर्व महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीस, तसेच मराठी शाळांच्या शिक्षक-शिक्षिकांस,

सप्रेम नमस्कार.

विनंती आधी सांगते, कारणं मागून. जुन्या प्लांटेशनच्या, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चाललेल्या मोठ्या मळ्यांच्या, वाड्यांवर मंडळाच्या सहली नेणं, तिथल्या ओकच्या झाडांखाली दिवाळी अंकासाठी फोटो काढणं, साखरपुडे करणं, लग्नं लावणं आपण बंद करावं. त्याऐवजी, त्या वाड्यांच्या मागच्या शेतांत ज्यांना गुलाम म्हणून राबवलं गेलं त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी घडवलेली कला बघायला आपल्या मुलांना न्यावं. ही कला आपल्याच राज्यांत आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना शनिवारी सकाळी निघून रात्री घरी परतता येईल इतक्या अंतरावर आहे. माझ्या माहितीतल्या एकाही मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत ती मला कधी दिसलेली नाही.

हे पत्र कुणा एका मंडळाला उद्देशून नाही. पण ते लिहायला एक कार्यक्रम निमित्त झाला. एका मंडळाच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं होतं: 'ऐतिहासिक वाड्यात, जुन्या काळच्या राजेशाही थाटात'. वाडा सुंदर होता. त्याच्या एका बाजूला विटांच्या खोल्यांची रांग होती. नऊवारी आणि नथ घातलेल्या बायकांनी त्या खोल्यांच्या दारांत उभं राहून फोटो काढले, मुलं आत-बाहेर पळत होती. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या खोल्यांत कोण राहत होतं, हे कुणी विचारलं नाही आणि आयोजकांनी सांगितलंही नाही. त्या गुलामांच्या कोठड्या होत्या. त्यांत जन्मलेल्या मुलांवर आईबापांचा कायद्याने काहीही हक्क नव्हता. मालकाला पैशांची गरज पडली की मूल विकलं जाई.

अमेरिकन समाजातही याबद्दल बराच विचार झाला आहे. लग्नाच्या जागा सुचवणाऱ्या काही मोठ्या संकेतस्थळांनी २०१९ सालीच प्लांटेशनची जाहिरात रम्य आणि मोहक जागा म्हणून करणं थांबवायचं ठरवलं. आपण इथे राहतो, कर भरतो, मतं देतो, आपली मुलं इथलीच आहेत. मग हा विचार आपल्या मंडळांपर्यंत का पोचू नये?

आता कलेबद्दल. सुरुवात डेव्हपासून करते.

साउथ कॅरोलिनातलं एजफिल्ड हे कुंभारांचं गाव. एकोणिसाव्या शतकात तिथे दगडासारखी पक्की भाजलेली, राख आणि मातीची झिलई दिलेली भांडी मोठ्या प्रमाणावर तयार होत. कापसाच्या प्लांटेशनवर शेकडो माणसांना वर्षभर जे खारवलेलं मांस आणि चरबी शिधा म्हणून मिळे, ती साठवायला हे रांजण लागत. म्हणजे रांजण हा शेतीच्याच कारखान्याचा भाग होता. माती कालवणारे, चाक फिरवणारे आणि भट्टी लावणारे बहुतेक हात गुलामांचे. त्यांतला एक डेव्ह. जन्म १८०१ च्या सुमाराचा. मालक बदलत गेले, काम तेच राहिलं. त्याच्या हाताला असा दम होता की त्याने जवळजवळ दीडशे लिटर माल मावेल एवढे रांजण घडवले.

डेव्हला लिहिता-वाचता येत होतं. १८३४ साली साउथ कॅरोलिनाने गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्याविरुद्ध कायदा केला. शिकवणारा गोरा असेल तर दंड आणि कैद, काळा असेल तर फटके. त्याच १८३४ सालच्या जुलैमध्ये डेव्हने ओल्या रांजणाच्या खांद्यावर टोकदार काडीने दोन यमकबद्ध ओळी कोरल्या आणि खाली तारीख घातली. पुढे पंचवीसेक वर्षं तो अधूनमधून असं लिहीत राहिला. नाव, तारीख, कधी दोन ओळी. रांजणावर लिहिलेलं लपत नाही. तो रांजण कोठारात उभा राहायचा, येणारा-जाणारा प्रत्येक जण तो पाहायचा. आपल्याला लिहिता येतं ही गोष्ट त्याने चारचौघांत, मालकाच्या डोळ्यांदेखत, मातीत भाजून ठेवली.

१६ ऑगस्ट १८५७ या तारखेच्या एका रांजणावर तो विचारतो की माझे सगळे आप्त कुठे असतील. आणि लगेच पुढच्या ओळीत सर्वांना, प्रत्येक राष्ट्राला स्नेह कळवतो. मालकी बदलताना जवळची माणसं तुटून दूरच्या राज्यांत नेली जाणं ही त्या काळची रोजची गोष्ट होती. ज्याला आपली माणसं कुठे आहेत हे माहीत नाही, पत्र कुठल्या पत्त्यावर धाडायचं हे माहीत नाही, त्याने ते पत्र रांजणावर लिहिलं. वाचणारा कोण असेल हे ठाऊक नसताना लिहिलं. मला हे मराठीत मुलांना वाचून दाखवावंसं वाटतं. ज्ञानेश्वरीची ओवी आपण ज्या आदराने वाचून दाखवतो, त्या आदराने.

त्याच वर्षीच्या आणखी एका रांजणावर तो म्हणतो की हा मी रोख पैशासाठी बनवला. ती रोकड अर्थातच त्याला मिळाली नाही. रांजण मालकाचा, पैसाही मालकाचा, आणि घडवणाराही मालकाचा. अलीकडे या भांड्यांना काय किंमत आली आहे ते ऐका. २०२१ साली डेव्हचा एक रांजण लिलावात साडेपंधरा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. 'रोख पैशासाठी' असं लिहिलेला रांजण बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात होता. २०२५ साली त्या संग्रहालयाने डेव्हच्या वंशजांची मालकी मान्य केली, दोन रांजण त्यांचे म्हणून कबूल केले, त्यांतला एक त्यांच्याकडून पैसे देऊन परत विकत घेतला आणि दुसरा उसना ठेवून घेतला. डेव्हच्या कामाचा मोबदला त्याच्या रक्ताच्या माणसांपर्यंत पोचायला १६८ वर्षं लागली. कलाकृतीची मालकी म्हणजे काय, यावर यापेक्षा चांगला धडा मला तरी सुचत नाही.

गुलामगिरी संपली. १८७० च्या जनगणनेत त्याचं पूर्ण नाव दिसतं: डेव्हिड ड्रेक. ड्रेक हे त्याच्या एका जुन्या मालकाचं आडनाव.

इथे थोडं थांबते, कारण पत्राचा मुद्दा इथेच आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळ्या याद्या होत्या. त्यांत मालकाचं नाव, आणि त्याखाली गुलामांचं वय, लिंग, रंग. गुलामाच्या नावाचा रकानाच नव्हता. १८६० साली अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसं गुलाम होती. त्यांचे वंशज आपला शोध घेत मागे जातात तेव्हा १८७० पाशी भिंत लागते. त्यापलीकडे जायचं तर मालकाची मृत्युपत्रं, विक्रीच्या पावत्या, गहाणखतं चाळावी लागतात. ज्याने पणजोबाला विकत घेतलं त्याच्याच कागदांत पणजोबाला शोधावं लागतं.

आणि आपण? आडनावावरून गाव ओळखणारी, गावावरून सोयरीक काढणारी आपली माणसं. न्यू जर्सीत पहिल्यांदा भेटलेल्या माणसाशी दहा मिनिटांत मामेसासऱ्यांपर्यंत पोचणारी. आपल्यातल्या कितीतरी घरांत कुलवृत्तांताचे जाडजूड खंड आहेत. त्र्यंबकेश्वरी गेलं तर उपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांच्या हातची सही निघते. मराठी शाळेत आपण मुलांना वंशवृक्षाचा तक्ता भरायला देतो आणि मूल आठ-दहा पिढ्या लिहून आणतं. त्याच मुलाच्या वर्गात शेजारच्या बाकावर बसलेल्या काळ्या मुलाचा तक्ता पाचव्या-सहाव्या पिढीला रिकामा राहतो. तो का रिकामा राहतो हे आपल्या मुलाला कळायला हवं. ज्यांची वही जाळली गेली नाही, कारण लिहिलीच गेली नव्हती, त्यांनी आपली वही मातीत, कापडात, गवतात लिहिली आहे. ही कला म्हणजे तो कुलवृत्तांत आहे. तो वाचायला जावं, एवढंच मी म्हणते आहे.

अलाबामात मॉन्टगोमेरीला २०२४ साली फ्रीडम मॉन्युमेंट स्कल्प्चर पार्क सुरू झालं. नदीकाठी, शिल्पांमधून चालत गेलं की शेवटी एक प्रचंड भिंत येते. उंची ४३ फूट, लांबी १५५ फूट. तिच्यावर १,२२,००० आडनावं कोरली आहेत. १८७० च्या जनगणनेत मुक्त झालेल्या माणसांनी जी आडनावं लावली, ती. आपल्या ओळखीच्या सहकाऱ्यांची, शिक्षकांची, शेजाऱ्यांची आडनावं तिथे सापडतात. लोक हात लावून उभे राहतात.

अदेबुन्मी ग्बादेबो ही आजची, तरुण कलावंत. तिच्या आईकडच्या पूर्वजांना साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट मॉट इथल्या ट्रू ब्लू नावाच्या प्लांटेशनवर गुलाम म्हणून ठेवलं होतं. नावातला निळा रंग निळीच्या शेतीचा आहे. तिथल्या दफनभूमीत तिच्या पूर्वजांना पुरलं आहे. त्या जागेची माती खणून आणून तिने भांडी घडवली. त्यांत तांदूळ मिसळला, काळ्या माणसांचे केस गुंफले, मग ती भाजली. याच मुलीने केस, कापूस आणि नीळ यांपासून कागदासारखे मोठे पट तयार केले आहेत. रंग आणि कॅनव्हास या गोऱ्या परंपरेच्या साधनांनी आपल्या घराची गोष्ट सांगायची नाही, असं तिने ठरवलं. तिच्या पूर्वजांना ज्या तीन पिकांसाठी राबवलं, ती तिने साधन म्हणून घेतली, आणि केस घेतले, कारण केसांत माणसाचा वंश उतरलेला असतो.

एजफिल्डच्या काळ्या कुंभारांवर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२२ साली मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात डेव्हच्या रांजणांसोबत तिची भांडी मांडली होती. २०२४ साली ते अटलांटाच्या हाय म्युझियममध्ये आलं होतं. अटलांटा परिसरात मराठी माणसं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. प्रदर्शनाची साधी सूचनाही आपल्या गटांवर फिरली नाही.

त्या प्रदर्शनात चेहऱ्याची भांडीही होती. लहान सुरया, त्यांवर माणसाचा चेहरा, आणि डोळे व दात पांढऱ्या केओलिन मातीचे. आफ्रिकेतून गुलाम आणायला अमेरिकेत १८०८ पासून बंदी होती. तरी १८५८ साली 'वाँडरर' नावाचं जहाज काँगोच्या किनाऱ्यावरून चारशेहून अधिक माणसं घेऊन जॉर्जियाच्या जेकिल बेटावर गुपचूप लागलं. त्यांतली काही माणसं एजफिल्डच्या परिसरात आली. काँगोकडे अशा वस्तूंमध्ये पांढरी माती पवित्र मानतात. या सुरया कशासाठी होत्या यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालू आहे. माझ्यापुरतं एवढंच की त्या डोळ्यांसमोर मी फार वेळ उभी राहू शकले नाही.

निळीबद्दल आणखी थोडं सांगितलं पाहिजे, कारण 'आपला काय संबंध' या प्रश्नाचं पहिलं उत्तर तिथे आहे. साउथ कॅरोलिनात १७४० च्या दशकापासून निळीची लागवड वाढली. झाडं हौदांत कुजवायची, ते पाणी घुसळायचं, खाली बसलेला गाळ सुकवून वड्या पाडायच्या. दुर्गंधी आणि माश्या अशा की हौद वस्तीपासून दूर ठेवत. हे काम गुलामांचं. अमेरिका स्वतंत्र झाली, इंग्लंडचं अनुदान आणि बाजार दोन्ही गेले, इथली नीळ बसली. मग ईस्ट इंडिया कंपनीने ती बंगालात आणि बिहारात वाढवली. बंगालच्या शेतकऱ्यांनी १८५९-६० साली केलेलं निळीचं बंड आणि १९१७ चा चंपारण सत्याग्रह आपल्या मुलांना निदान ऐकून माहीत असतो. तो धागा मागे ओढला की दुसऱ्या टोकाला ट्रू ब्लूसारखी प्लांटेशन आहेत.

कापसाचा धागा तर थेट महाराष्ट्रात येतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस इंग्लंडला मिळेना, लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातकडे मोर्चा वळवला. मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, शेअरचा सट्टा पेटला. १८६५ साली युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्याच्या डोक्यावर तेजीत काढलेलं कर्ज राहिलं. दहा वर्षांनी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांच्या वह्या जळाल्या, त्या दख्खनच्या दंग्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होतं. ज्या युद्धात इथली गुलामगिरी संपली, त्याच युद्धाच्या पैशावर मुंबईतल्या कित्येक देखण्या इमारतींचा पाया पडला. वऱ्हाडात ओटी बांधून कपाशी वेचणाऱ्या बाईला किलोमागे मजुरी मिळते आणि ती कमी पडते. मिसिसिपी-लुइझियानात रोज रात्री ज्याची टोपली वजन केली जाई त्याला मजुरी नव्हती. दोनशे पौंडांच्या आसपास वेचणी अपेक्षित, कमी भरली की चाबूक.

चार्लस्टनच्या भाताबद्दल लिहिताना मात्र मला माझं माहेर आठवतं. मी कोकणातली. खाजणात बांध घालून, उघाडी बसवून खारं पाणी रोखायचं आणि भात पिकवायचं हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. साउथ कॅरोलिनाच्या खाडीकाठी फिरताना तसेच बांध आणि तशाच झडपा पाहून मी चकित झाले होते. इथे युक्ती थोडी वेगळी होती. भरतीच्या रेट्याने नदीचं गोडं पाणी वर चढतं, ते शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. हे ज्ञान मालकांनी युरोपातून आणलेलं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून, आजच्या सिएरा लिओनच्या बाजूने, माणसं मुद्दाम निवडून आणली गेली, कारण त्यांना भात पिकवता येत होता. दलदल उपसून, सायप्रसची जंगलं तोडून, मैलोन्‌मैल बांध त्यांनी घातले. हिवतापाने आणि पाण्यात उभं राहून ती मेली. तिथलं 'कॅरोलिना गोल्ड' भात जगभर गेलं.

तो भात कांडायला लाकडी उखळ आणि मुसळ, पाखडायला गवताचं रुंद सूप. ते सूप आजही विणलं जातं. चार्लस्टनजवळ माउंट प्लेझंटला महामार्ग १७ च्या कडेला गल्ला-गीची समाजाच्या, म्हणजे या किनाऱ्यावरच्या गुलामांच्या वंशजांतल्या, बायका स्वीटग्रासच्या टोपल्या घेऊन बसतात. गवताची जुडी गोल वळवत, पाल्मेटो या ताडासारख्या झाडाच्या पातीने टाके घालत विणायची ही पद्धत त्या आपल्या आईकडून आणि आजीकडून शिकल्या. आधी शेतात लागणाऱ्या मोठ्या टोपल्या पुरुष विणायचे. आता हे काम बहुतांशी बायकांच्या हातात आहे. त्यांतल्या मेरी जॅक्सन यांना २००८ साली मॅकार्थर शिष्यवृत्ती मिळाली, त्यांच्या टोपल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आणि हे गवत आता मिळेनासं झालं आहे. समुद्रकाठी फाटकांआडच्या वसाहती आणि रिसॉर्ट झाले, गवत तोडायला पूर्वी जिथे जाता यायचं तिथे आता पहारेकरी असतो.

मैत्रिणींनो, या बायकांशी घासाघीस करू नका. मोठी टोपली विणायला कित्येक आठवडे लागतात. किंमत ऐकून आपण 'एवढ्याशा टोपलीला?' असं मराठीत आपसात म्हणतो, त्यांना शब्द कळत नाहीत पण चेहरा कळतो. परवडत नसेल तर बघावं, त्यांची परवानगी असेल तर दोन शब्द बोलावं, नमस्कार करून निघावं. परवडत असेल तर सांगितलेली किंमत द्यावी.

चार्लस्टनलाच गॅड्सडेन्स वॉर्फवर २०२३ च्या जूनमध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आणलेल्या गुलामांपैकी सुमारे चाळीस टक्के माणसं चार्लस्टनमधून आली असं मानतात, आणि त्यांतली फार मोठी संख्या याच धक्क्यावर उतरवली गेली. तिथे वंशावळ शोधणाऱ्यांसाठी वेगळं केंद्र आहे. आपल्या मुलांनी तिथे बसून, एखादं कुटुंब १८७० च्या भिंतीपलीकडे कसं जातं हे पाहावं. वंशवृक्षाच्या तक्त्याचा खरा अर्थ त्यांना तेव्हा कळेल.

अलाबामातल्या जीज बेंडच्या गोधड्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. नदीच्या वळणात अडकलेलं हे खेडं. तिथल्या बहुतेकांचं आडनाव पेटवे, कारण मालकाचं आडनाव पेटवे. बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांच्या, पोत्यांच्या, जीनच्या गोधड्या शिवल्या. १९६२ साली, काळी माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपार जाऊ लागली तेव्हा, त्यांची फेरीबोट बंद करण्यात आली. ती २००६ साली पुन्हा सुरू झाली. त्याआधी २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं आणि सारं जग पाहायला आलं. मिसुरी पेटवे या बाईंनी १९४२ साली नवरा वारल्यावर त्याचे शेतावरचे कपडे उसवून एक गोधडी शिवली. गुडघ्यावर विटलेल्या पँटचे तुकडे तसेच आहेत. नवऱ्याची आठवण म्हणून ती अंगावर घेऊन निजायचं, असं त्यांनी मुलीला सांगितलं होतं. आपल्या आज्यांनी हेच केलं असतं, आणि केलंही आहे.

लुइझियानातल्या मंडळांसाठी व्हिटनी प्लांटेशन आहे. आधी नीळ, नंतर ऊस. २०१४ पासून ते केवळ गुलामांची गोष्ट सांगणारं ठिकाण म्हणून खुलं आहे. तिथल्या चर्चमध्ये वुड्रो नॅश या शिल्पकाराने घडवलेली लहान मुलं उभी आणि बसलेली आहेत. गुलामगिरी संपली तेव्हा जी मुलं होती आणि म्हातारपणी, १९३० च्या दशकात, ज्यांनी मुलाखती दिल्या, त्यांची ही शिल्पं. प्लांटेशनवर जायचंच असेल तर अशा ठिकाणी जावं.

आता आक्षेप. मी हे बोलून दाखवलं तेव्हा जे ऐकलं तेच लिहिते.

'मंडळ राजकारणात पडत नाही.' मान्य. पण महात्मा फुल्यांची जयंती आपण साजरी करतो ना? जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना, ज्यांनी इथल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ कष्ट उपसले. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा ही आशाही तिथेच व्यक्त केली. पुण्यात बसून त्यांना हा संबंध दिसला. त्यांची तसबीर मांडून हार घालायचा आणि त्यांनी ज्या भूमीकडे बोट दाखवलं तिथे राहून डोळे मिटून घ्यायचे, हे मला पटत नाही.

'आपण तेव्हा इथे नव्हतो.' खरं आहे. आपण आलो १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर. तोवर भारतीयांना वर्षाला जेमतेम शंभर जागा होत्या. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेत झाला, आणि ती चळवळ शेतात राबलेल्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी उभी केली, लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन, जीव देऊन. आपल्या वडिलांच्या, काकांच्या व्हिसामागे त्यांचा हात आहे.

'लहान मुलांना वाईट वाटेल.' वाटू दे. संभाजीराजांची गोष्ट आपण त्यांना सांगतोच. सोबत मोठं माणूस असेल, नीट सांगणारं असेल, तर मुलं दुःख पेलतात.

आणखी एक गोष्ट लोक बोलून दाखवत नाहीत, पण मला ती जाणवते. मुलं हे शिकली की ती आपल्याकडे वळून विचारतील. माझ्या माहेरच्या पडवीत खोतांची वंशावळ चौकटीत लावलेली आहे. ज्या कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनी कसल्या, त्यांचं एकही नाव त्या चौकटीत नाही. खोती कायद्याने गेली, चौकट तिथेच आहे. मराठवाड्यात-विदर्भात पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधून घेतलेल्या सालगड्याचं नाव घरातल्या कुठल्या वहीत असतं? उचल फिटेपर्यंत अडकलेल्या ऊसतोड कामगाराचं? आपल्यातल्याच कित्येक सभासदांच्या घरी कुलवृत्तांत नाही, आणि तो का नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपल्या कार्यक्रमांत ते याबद्दल बोलत नाहीत, कारण आपण कधी विचारलं नाही. अमेरिकेची गुलामगिरी आणि आपली जातव्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण डेव्हचा रांजण वाचलेलं मूल जर उद्या आजोळच्या पडवीत उभं राहून 'आणि शेतात काम करणाऱ्यांची नावं कुठे आहेत?' असं विचारणार असेल, तर ते विचारू दे. मला तो प्रश्न ऐकायचा आहे.

आता कामाचं. शाळांच्या वेळापत्रकात वर्षातून एक दिवस या भेटीसाठी ठेवा. साउथ आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या मंडळांना ग्रीनव्हिलचं काउंटी कला संग्रहालय जवळ आहे, तिथे डेव्हच्या रांजणांचा मोठा संग्रह आहे. चार्लस्टन म्युझियममध्ये त्याचा अजस्र रांजण आहे. जॉर्जिया आणि अलाबामाच्या मंडळांनी मॉन्टगोमेरी आणि जीज बेंड एकत्र करावं, मात्र जीज बेंडला निघण्यापूर्वी फेरीबोटीच्या वेळा विचारून घ्याव्यात. माहिती देणारा माणूस शक्यतो त्या समाजातला असावा. त्याला किंवा तिला मानधन द्यावं, ठरल्यापेक्षा कमी नाही, आणि कार्यक्रमाच्या आधी. गणपतीच्या ढोलपथकासाठी आपल्याकडे तरतूद असते, तशी यासाठीही करता येते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढच्या अधिवेशनात एक सत्र गल्ला-गीची टोपलीवालीला आणि एक एजफिल्डच्या कुंभाराला द्यावं, असा ठराव दक्षिणेकडच्या मंडळांनी मिळून पाठवावा.

डेव्हच्या काही ओळींचा मराठी गद्य अनुवाद मुलांसाठी करायला मी घेतला आहे. जनगणनेच्या याद्या कशा वाचायच्या यावर आठवी-नववीच्या मुलांसाठी एक तासाचा पाठही तयार आहे. मागाल त्या शाळेला पाठवीन. ज्या मंडळाला साउथ कॅरोलिनातली पहिली भेट आखायची असेल त्यांच्यासोबत मी स्वखर्चाने येईन.

हा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत घ्यावा आणि निर्णय सभासदांना लेखी कळवावा, ही विनंती. प्लांटेशनवरच्या कार्यक्रमांसाठी आधीच आगाऊ रक्कम भरली असेल तर ती बुडेल याची मला कल्पना आहे. तरी ते रद्द करावेत. आमच्या मंडळापुरता त्या नुकसानीतला माझा वाटा मी देईन.

आपली,
एक आजीव सभासद
साउथ कॅरोलिना